अर्ध्या बाटलीचा प्रश्न

नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर बरीच वर्षं उभं राहिलं की माणूस कुठून आलाय हे चिठ्ठी हातात येण्याआधीच कळायला लागतं. बालाघाट-छिंदवाड्याकडचे लोक हिंदीत सुरुवात करतात, वर्धा-यवतमाळकडचे थेट किमतीवर येतात आणि गडचिरोलीकडची माणसं आधी बराच वेळ बाजूला उभी राहतात. गेल्या उन्हाळ्यात आरमोरीकडचा एक माणूस असाच बाजूला उभा होता. गर्दी ओसरल्यावर त्यानं चिठ्ठी पुढे केली. मोठ्या भावाला तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालेलं, शेक (रेडिएशन) झालेला, केमो झालेली, आणि आठ महिन्यांत गाठ परत आलेली. चिठ्ठीवर निव्होलुमॅब हे इंजेक्शन लिहिलं होतं, दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मी किंमत सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “भाऊ, अर्धी बाटली नाही का भेटत? पुरी घेनं नाही होत आमच्यानं.”

मी त्याला औषधवाल्याचं ठरलेलं उत्तर दिलं. डॉक्टरांनी लिहिली तेवढी मात्रा घ्यावीच लागते, अर्ध्या मात्रेत औषध लागू पडत नाही. क्षयाच्या गोळ्यांबद्दल, अँटिबायोटिकबद्दल हे उत्तर बरोबर आहे आणि दिवसातून दहादा मी ते देतो. पण या औषधाबद्दल ते उत्तर अपुरं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. त्या माणसाचा प्रश्न खिशातून आला होता, तरी तो पक्का विज्ञानाचा प्रश्न होता. आणि तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली, हे मला आजही टोचतं. कर्करोगावरच्या नव्या औषधांची मात्रा किती पुरे, हा सार्वजनिक प्रश्न आहे, तो सार्वजनिक पैशानं आणि सार्वजनिक रुग्णालयांत सोडवला गेला पाहिजे, आणि त्यासाठी नागपूरइतक्या योग्य जागा देशात थोड्याच असतील, असं माझं म्हणणं आहे.

औषध नेमकं काय करतं हे समजल्याशिवाय मात्रेचा मुद्दा कळत नाही, म्हणून थोडं मागे जातो.

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी ओळखून मारणं हे त्यांचं काम. कर्करोगाची पेशी बिघडलेलीच असते. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीनं पोळलेल्या गालातल्या पेशीत तर इतके जनुकीय बदल साचलेले असतात की टी पेशींना ती परकी वाटायलाच हवी. बऱ्याचदा वाटतेही. काढलेल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पुष्कळदा गाठीच्या कडेला आणि आतही टी पेशींची गर्दी दिसते. पहारेकरी चोराच्या घरात पोचलेले असतात आणि तिथेच हातावर हात ठेवून बसलेले असतात. कित्येक दशकं शास्त्रज्ञांना याचा उलगडा होत नव्हता.

उलगडा झाला तो दोन वेगवेगळ्या टोकांनी. १९९२ साली जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेला टी पेशींवर पीडी-१ नावाचं एक प्रथिन सापडलं. ते काय करतं हे कळायला आणखी काही वर्षं गेली. तो ब्रेक होता. तिकडे अमेरिकेत जेम्स ॲलिसन सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करत होते. हा ब्रेक प्रतिपिंडानं (अँटिबॉडीनं) अडवला तर उंदरांमधल्या गाठी विरघळतात, हे त्यांनी १९९६ मध्ये दाखवलं. शरीराला असे ब्रेक हवेच असतात. ते नसते तर टी पेशींनी आपल्याच थायरॉइडवर, सांध्यांवर, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर धाव घेतली असती. टी पेशींना आवरून धरणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं, ते याच सहनशीलतेच्या अभ्यासाबद्दल. कर्करोगाची गाठ या सहनशीलतेचा फायदा घेते. ती आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन उभं करते, ते टी पेशीच्या पीडी-१ ला जाऊन भिडतं आणि टी पेशीला निरोप मिळतो की शांत हो, मी घरचाच आहे.

निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं म्हणजे या दोघांची गाठभेट होऊ न देणारी प्रतिपिंडं. पहिलं ब्रेकविरोधी औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं, पीडी-१ वरची औषधं २०१४ मध्ये आली, आणि २०१८ चं नोबेल ॲलिसन व होंजो यांना मिळालं. कल्पना तशी जुनीच. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली १८९१ पासून गाठींमध्ये जिवाणू टोचून शरीराला चेतवायचा प्रयत्न करत होते. आपल्या दंडावर ज्याची खूण असते ती बीसीजीची लस मूत्राशयाच्या कर्करोगात वापरतात, तीही याच वाटेवरची आणि १९७६ पासूनची. क्षयासाठी बाळाला टोचायची लस कॅन्सरवर चालते, हे सांगितलं की काउंटरवरची माणसं माझ्याकडे अविश्वासानं बघतात.

आता मात्रेकडे येतो. केमोचं औषध म्हणजे विष. ते वाढणाऱ्या पेशींना मारतं, म्हणून माणूस सोसेल तेवढं जास्तीत जास्त द्यायचं, अशी पद्धत पन्नास-साठ वर्षं चालत आली. इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला जागं करणारं, हे औषध गाठीला हातही लावत नाही. ते फक्त टी पेशीवरच्या पीडी-१ वर जाऊन बसतं. पंगतीत पानं मांडली असतील तेवढीच माणसं बसतात, त्याहून जास्त आली तर ती उभी राहतात. पीडी-१ ची सगळी पानं भरली की वरच्या औषधाला करण्यासारखं फारसं काही उरत नसावं. हे नुसतं अनुमान नव्हे. निव्होलुमॅबच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल २०१० मध्ये आला, त्यात ३९ रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या मात्रा दिल्या होत्या. रक्तातल्या टी पेशी तपासल्या तेव्हा लहान मात्रा असो की तिच्या तीसपट मोठी, ७० टक्क्यांच्या आसपास पीडी-१ व्यापलेले होते, आणि ते जवळजवळ दोन महिने तसेच राहिले. साठ किलोच्या माणसाला ०.३ च्या हिशेबानं १८ मिलिग्रॅम होतात. आरमोरीच्या त्या चिठ्ठीवर २४० लिहिले होते.

रक्तात जे दिसतं तेच गाठीच्या आत होत असेल असं गृहीत धरता येत नाही, हे मान्य. पण एवढा मोठा इशारा पहिल्याच चाचणीत मिळाल्यावर कमीत कमी किती औषध पुरतं हे कुणीतरी शोधायला हवं होतं. कंपनीनं ते शोधावं अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. मिलिग्रॅमवर किंमत ठरणाऱ्या मालाचा विक्रेता, दहाव्या हिश्शात भागतं का, हे स्वतःच्या खर्चानं तपासणार नाही. मी स्वतः दुकानदार आहे, त्याला दोष देत नाही. हे काम ज्याला विकायचं काही नाही त्यानंच करायचं असतं.

ते केलं मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी. डोकं आणि मान या भागातला, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः तोंडाचा, परत आलेला किंवा पसरलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दोन्ही गटांना तीन गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. संधिवाताचं औषध, दुखण्याची गोळी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरची गोळी. यांतल्या दोन तर माझ्या मागच्या फडताळात कायम असतात. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठी वाचताना हे घरच्यांना मोठ्यानं सांगा.) एका गटाला याशिवाय दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेशी हिशेब लावला तर हे सुमारे ६ टक्के पडतं. २०२२ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, २० मिलिग्रॅमच्या गटात ४३.४ टक्के. आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला.

साडेतीन महिने. सोयाबीन पेरल्यापासून काढेपर्यंतचा काळ. ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही त्यांना हे थोडं वाटेल. ज्यांच्या घरात आलाय, ते या काळात कुणाची कर्जं फिटतात, कुणाच्या नावावर सातबारा होतो, कोण कुणाशी किती वर्षांनी बोलतं, हे जाणतात. आणि मध्यकाच्या पलीकडे, वर्ष ओलांडणाऱ्या शंभरातल्या त्रेचाळीस माणसांत असे काही असतात ज्यांची टी पेशी एकदा जागी झाली की जागीच राहते. त्वचेच्या मेलॅनोमात अशी माणसं दहा-दहा वर्षं जगलेली नोंदवली गेली आहेत. तोंडाच्या कर्करोगात ती कमी असतात, पण असतात.

या चाचणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खरे आहेत. ती एकाच केंद्रात झाली. २० मिलिग्रॅमची तुलना २४० शी केलेली नाही, नुसत्या गोळ्यांशी केली आहे. त्यामुळे कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली, असं त्यातून सिद्ध होत नाही. पूर्ण मात्रेच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, २०१६ च्या, वर्षानंतर ३६ टक्के रुग्ण हयात होते. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे, जोडीची औषधं वेगळी, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून मोठी-छोटी ठरवणं चूक. ज्याला पूर्ण मात्रा परवडते त्यानं ती सोडावी असं मी कुणालाही सांगणार नाही. प्रश्न ज्याला ती परवडत नाही त्याचा आहे. नागपुरातल्या माझ्या काउंटरवर त्याच्यापुढे पर्याय असतात दोन: शेत विकून दोन-तीन डोस घ्यायचे आणि मग थांबायचं, किंवा घ्यायचंच नाही. दोन-तीन पूर्ण डोस घेऊन थांबलेली घरं मी मोजलेली नाहीत, पण त्यांचे चेहरे आठवतात. आरमोरीच्या माणसानंही तेच केलं. दोन डोस नेले. दुसऱ्या वेळी थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या मी जास्तीच्या घातल्या, कारण बाहेर पारा ४५ च्या वर होता आणि हे औषध २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. तिसऱ्या वेळी तो आला नाही. या पैशात कमी मात्रेनं त्याच्या भावाला वर्षभराहून जास्त औषध देता आलं असतं.

विज्ञानाची बातमी गावापर्यंत पोचते, औषध पोचत नाही, हे मी दररोज पाहतो. जून २०२२ मध्ये डोस्टार्लिमॅब नावाच्या, पीडी-१ वरच्याच, औषधानं बारा रुग्णांचा गुदाशयाचा कर्करोग बारापैकी बाराही जणांत नाहीसा झाला, ही बातमी मोबाइलवरून घरोघरी गेली. कित्येक महिने लोक मला “ते कॅन्सर गायब करणारं इंजेक्शन” मागत होते. ते बाराही रुग्ण एका विशिष्ट जनुकीय बिघाडाचे होते, डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा कोलमडलेले. गुदाशयाच्या कर्करोगात असे शंभरात पाच-दहा असतात. चाचणी न करता ते इंजेक्शन मागण्यात काही अर्थ नाही, हे मी प्रत्येकाला समजावलं. पण समजावताना हेही जाणवत होतं की चाचणी कुठे होते, किती पैसे लागतात, ती आपल्या माणसाला लागू आहे का, हे सांगायची वेळ औषधवाल्यावर यावी, यात काहीतरी चुकतंय. पीडी-एल१ ची तपासणी, दुरुस्ती-यंत्रणेची तपासणी, या बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर होतात. सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात त्या नेहमीच्या व्हाव्यात, अहवाल मराठीत समजावून मिळावा, ही मागणी महागड्या औषधाच्या मागणीच्या आधीची आहे.

मी ज्यांच्याशी हे बोलतो त्यातले समजूतदार लोक एक आक्षेप घेतात. आधी खर्रा बंद करा, मग औषधाचं बोला. मला हा आक्षेप मनापासून पटतो आणि तरी अपुरा वाटतो.

खर्रा काय करतो हे विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागतं. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेली पुडी. पानठेल्यावर सकाळी सातपासून तिचा घोटण्याचा आवाज सुरू होतो. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू खाणारे निघाले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि खर्रा रोज डोळ्यांसमोर घोटला जातो. माझ्या दुकानात तोंड येण्याचं मलम मागायला विशी-पंचविशीतली मुलं येतात. मी त्यांना तोंड उघडायला सांगतो. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घाल म्हणतो. कित्येकांची दोनच जातात. गालाच्या आतलं अस्तर कडक, पांढरट, दोरीसारखं झालेलं असतं, आणि मुलगा म्हणतो, तिखट लागते फक्त, बाकी काही नाही. त्याला मी मलम देत नाही. मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) दंतविभागाची वाट दाखवतो. जातात किती, कोण जाणे.

तोंड हा असा अवयव आहे की तिथला आजार टॉर्चच्या उजेडात दिसतो. केरळात तिरुवनंतपुरममध्ये मोठ्या चाचणीत आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आशाताईच्या हातात टॉर्च देण्याइतकं स्वस्त काम आपण अजून नीट केलेलं नाही. गडचिरोलीत २०१६ पासून दारू-तंबाखूविरोधात मुक्तिपथ हे अभियान चालू आहे, त्यातून गावानं ठरवलं तर काय होऊ शकतं हे शिकता येतं. हे सगळं करायलाच हवं आणि आधी करायला हवं.

पण ज्यानं वीस वर्षांपूर्वी खर्रा सुरू केला त्याला गाठ आज आलेली आहे. त्याला, तुझ्यानंतरच्या मुलांना आम्ही वाचवू, असं सांगून घरी पाठवता येत नाही. आणि प्रतिबंधाचा पैसा व उपचाराचा पैसा एकाच डब्यातून काढायचा, म्हणजे एकाला दिला की दुसऱ्याचा कमी होतो, हे गृहीतक मी मानत नाही. तंबाखूवर कर मिळतो. तो कर ज्या तोंडांतून आला त्या तोंडांवर काही खर्च व्हावा, इतकं तरी मागता येतं.

उलट आपल्या कर्करोगाचं हे वेगळेपणच नागपूरला संशोधनात पुढे येण्याचं कारण आहे. पाश्चात्त्य देशांत घशाचा, एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कर्करोग वाढतोय. आपल्याकडे गाल आणि हिरडीचा, सुपारी-तंबाखूचा. दोन्हींत टी पेशींचं वागणं सारखंच असेल असं कुणी गृहीत धरू नये. नागपुरात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही १९८० पासून आहे. मानेवाड्याच्या बाजूला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, मिहानमध्ये एम्स आहे, आणि मेडिकल आहे, जिथे गडचिरोलीपासून बैतूलपर्यंतचे रुग्ण येतात. असा एकाच प्रकारचा आजार असलेले इतके रुग्ण इतक्या जवळच्या चार रुग्णालयांत येतात, हे चाचणी करणाऱ्या कुणाही शास्त्रज्ञाला मागून मिळणार नाही. तरी चाचणीत नाव घालायचं म्हटलं की रुग्णाला मुंबईची गाडी धरावी लागते. परळच्या फूटपाथवर किंवा नशीब असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहावं लागतं. गाडगे महाराज आपल्या अमरावतीकडचे, त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत विदर्भाचा माणूस ८०० किलोमीटरांवर जाऊन आसरा घेतो, हे आठवलं की माझा घसा दाटतो.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी अजून व्हायचीच आहे, असं मला वाटतं. आतापर्यंत हे औषध आपण शेवटी देतो, सगळं करून झाल्यावर. पण जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डोकं-मानेच्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब शस्त्रक्रियेच्या आधी सुरू करून नंतरही द्यायला मंजुरी दिली. ७१४ रुग्णांच्या चाचणीत आजार न उलटता गेलेल्या काळाचा मध्यक ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला होता. यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. गाठ शरीरात असतानाच औषध दिलं तर टी पेशींना ती गाठ समोर दिसते, मानेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) शाबूत असतात, तिथे टी पेशी शत्रूचा चेहरा शिकतात आणि संख्येनं वाढतात. मग सर्जन गाठ काढतो, पण शिकलेल्या पेशी रक्तात राहतात आणि मागे राहिलेले कण शोधत फिरतात. गाठ आधी काढून टाकली की शिकवायला फळाच उरत नाही. म्हणजे हे औषध बरं होण्याजोग्या रुग्णाला द्यायचं, महिने वाढवण्यापलीकडे जाऊन. आता विचारायचा प्रश्न असा की शस्त्रक्रियेआधी २० मिलिग्रॅमचे दोन डोस पुरतात का? शिकवणीला किती औषध लागतं? हे कंपनी विचारणार नाही. आपण विचारलं पाहिजे, आणि उत्तर आपल्याच गाल-हिरडीच्या रुग्णांत शोधलं पाहिजे, त्यांच्या पूर्ण संमतीनं आणि नैतिक समितीच्या देखरेखीखाली.

पैशाचं म्हणाल तर दारं उघडायला लागली आहेत. केंद्रानं एप्रिल २०२३ पासून पेम्ब्रोलिझुमॅबवरचं आयात शुल्क काढलं, २०२४ च्या अर्थसंकल्पात पीडी-एल१ अडवणाऱ्या ड्युर्व्हालुमॅबवरचं. निव्होलुमॅबच्या भारतातल्या पेटंटची वीस वर्षांची मुदत २ मे २०२६ पर्यंतची. देशी कंपनीची आवृत्ती बाजारात यावी की नाही यावर दिल्ली उच्च न्यायालयात वादही झाला. देशी उत्पादनानं किंमत कशी उतरते हे कार-टी मध्ये, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून परत देण्याच्या उपचारात, दिसलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून जन्मलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि परदेशात तीन-चार कोटींना पडणारी गोष्ट इथे चाळीस लाखांच्या आसपास आली. ती अजूनही माझ्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात नाही, पण दिशा कळते. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडच्या रुग्णालयांनी एकत्र येऊन ४० औषधांची घाऊक बोली लावली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. एकट्यानं घ्यायला गेलं की एमआरपी, बरीच रुग्णालयं मिळून गेली की वेगळाच भाव. हा माझ्या धंद्यातला पहिला धडा आहे आणि सरकारनं तो पूर्ण गिरवावा.

माझी मागणी नेमकी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. तोंडाच्या परत आलेल्या कर्करोगासाठी कमी मात्रेच्या निव्होलुमॅबचं आणि त्या तीन गोळ्यांचं पॅकेज तिच्यात यावं. औषधाची खरेदी राज्यानं एकत्र करावी. आणि पैसे देताना एक अट घालावी, की प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जाईल: किती महिने, काय त्रास, गाठ किती उतरली. पूर्ण मात्रेशी तुलना करणारी चाचणी त्याच नोंदवहीच्या आधारानं चार रुग्णालयांत मिळून उभी राहू शकते. कमी मात्रा अपुरी ठरली तर तेही कळेल, आणि कळलंच पाहिजे.

त्रासाबद्दल एक सांगायलाच हवं. ब्रेक काढलेली टी पेशी कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर, कधी थायरॉइडवर उलटते. इंजेक्शन नागपुरात घेतलेला माणूस दोन महिन्यांनी कुरखेड्याला जुलाबानं पडतो. तिथला डॉक्टर जुलाब थांबवायची गोळी देतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की या जुलाबाला वेळेवर स्टिरॉइड लागतं. उलट औषध चालू असताना अशक्तपणासाठी कुणी सहज स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचलं तर औषधाचा परिणाम मारला जाऊ शकतो. रुग्णाच्या खिशात मराठीत छापलेलं एक कार्ड असावं, काय दिलंय आणि काय झालं तर कुणाला फोन करायचा. हे छापायला किती लागतात?

आणि आता ती अर्धी बाटली. निव्होलुमॅब ४० आणि १०० मिलिग्रॅमच्या बाटल्यांत येतं. २० मिलिग्रॅम म्हणजे ४० च्या बाटलीतली नेमकी अर्धी. बाटलीत परिरक्षक नसतं, एकदा सुई टोचली की उरलेलं औषध उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवून देता येत नाही. मी दुकानातून अर्धी विकू शकत नाही, ते कायद्यातही बसत नाही आणि निर्जंतुकही राहणार नाही. निर्जंतुक कपाटात, प्रशिक्षित हातांनी, एकाच दिवशी दोन रुग्णांसाठी ती भरावी लागते. म्हणजे दोन रुग्ण एकाच दिवशी, एकाच ठिकाणी हजर हवेत. खाजगीत हे जमणं कठीण, कारण तिथे रुग्ण एकेकटा येतो. सरकारी डे-केअरमध्ये ते सहज जमतं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं काढायची घोषणा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या केंद्रांनी दर तिसऱ्या आठवड्याचा एक वार ठरवून घ्यावा, समजा मंगळवार, आणि औषध नागपूरहून बर्फात जावं. वहीत दोन-दोन नावं शेजारी लिहावीत. आरमोरीचा एक, वडशाचा एक. एकाला एसटी चुकली तर दुसऱ्यासाठी बाटली उघडावी की थांबावं, हे ठरवायला एक सिस्टर हवी, आणि तिच्याकडे दोघांचे फोन नंबर हवेत.